इंग्रजीच्या तासाला मुलांना काही शोधायला लावा

ठाण्यातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत नववीच्या इंग्रजी वह्यांचा गठ्ठा उघडून बघा. ‘अ व्हिजिट टु अ हिल स्टेशन’ हा निबंध त्यात हमखास सापडतो. वर्गातली सगळी मुलं मे महिन्यात महाबळेश्वरला गेलेली असतात. सगळ्यांना पहाटेचं धुकं दिसतं, सगळी वेण्णा लेकवर घोड्यावर बसतात आणि परत येताना एकजात ‘रिफ्रेश्ड अँड रिजुवनेटेड’ होतात. प्रत्यक्षात यातली कितीतरी मुलं सुट्टीत खेडला नाहीतर जुन्नरला आजीकडे गेलेली असतात. काहींनी कळव्याच्या चाळीत धाकट्या भावंडांना सांभाळत दुपार काढलेली असते. आजीच्या गावी विहीर आटली होती, काकांनी आंब्याच्या पेट्या वाशीच्या मार्केटला पाठवल्या होत्या, एसटीत पनवेलपर्यंत उभ्याने यावं लागलं होतं. यातलं काहीच वहीत उतरत नाही. हे इंग्रजीत लिहिण्याजोगं आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. निबंध फळ्यावरून येतो, गाइडातून येतो, क्लासच्या नोट्समधून येतो. मुलं तो उतरवून घेतात, पाठ करतात आणि पेपरात लिहून मोकळी होतात.

मी ठाण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. स्टाफरूममध्ये आणि पालकसभेत जे तुकड्यातुकड्याने बोलत आले ते इथे सलग मांडते. नववीत एकदा आणि अकरावीत एकदा प्रत्येक मुलाने इंग्रजीच्या तासाला एक असा निबंध लिहिला पाहिजे, ज्याची माहिती त्याने स्वतः हिंडून, विचारून, वाचून गोळा केली आहे, ज्यातलं मत त्याचं स्वतःचं आहे आणि कुठली गोष्ट कुणाकडून कळली हे ज्यात नोंदवलेलं आहे. त्याचे गुण स्वच्छ अक्षरातल्या फेअर कॉपीला थोडे आणि तिथवर पोचण्याच्या कामाला जास्त मिळाले पाहिजेत. अशा निबंधाला रिसर्च पेपर म्हटलं की पालक दचकतात. मला अभिप्रेत आहे ते सहाशे-सातशे शब्दांचं लिखाण. एक नेमका प्रश्न, दोन-तीन ठिकाणांहून मिळवलेली माहिती आणि ती माहिती ताडून काढलेलं उत्तर, एवढंच.

आज परीक्षा काय मागते ते आधी पाहू. राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीत ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुणांची तोंडी परीक्षा असते. लेखनकौशल्यात पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचं रूपांतर, व्ह्यू-काउंटरव्ह्यू असे प्रकार येतात. सीबीएसईच्या दहावीत दिलेल्या आलेखावर किंवा तक्त्यावर शंभर ते एकशेवीस शब्दांचा परिच्छेद लिहायचा असतो. आयसीएसईत तीनशे ते साडेतीनशे शब्दांचं कॉम्पोझिशन असतं. यातला कुठलाही प्रकार वाईट नाही. व्ह्यू-काउंटरव्ह्यू तर मला मनापासून आवडतो, कारण समोरच्याचं म्हणणं वाचून त्याला उत्तर द्यायची सवय त्यात आहे. पण या सगळ्यांत मुलाला लागणारी सामग्री एक तर प्रश्नपत्रिकेत छापलेली असते, नाहीतर बाकावर बसल्या बसल्या डोक्यातून काढायची असते. बाहेर जाऊन काही शोधावं, दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत हे लक्षात यावं, मग कुणाचं खरं मानायचं हे ठरवावं, अशी वेळ दहावीपर्यंत मुलावर येतच नाही.

अमेरिकेत हे काम हायस्कूलच्या इंग्रजीच्या तासाकडे आलं त्याला मोठा काळ लोटला. १८७४ मध्ये हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध लिहायला लावला आणि मुलांना लिहितं करायची जबाबदारी हळूहळू शाळांवर पडत गेली. (त्याच वर्षी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू झालं. युक्तिवाद करून लिहिणं आपल्याला बाहेरून आणायची गरज कधीच नव्हती.) अमेरिकेतल्या मुलाला विषय निवडावा लागतो, आपलं म्हणणं एका वाक्यात मांडावं लागतं, छोट्या कार्डांवर टिपणं काढावी लागतात. मग आराखडा, पहिला खर्डा, वर्गमित्राकडून वाचून घेणं, सुधारलेला खर्डा आणि शेवटी आधार घेतलेल्या पुस्तकांची व लेखांची ठरावीक पद्धतीने केलेली यादी. या शिस्तीतही साचे झालेच. पाच परिच्छेदांचा निबंध, म्हणजे पहिल्यात प्रस्तावना, मधल्या तिनांत तीन मुद्दे आणि शेवटच्यात समारोप, हा त्यातला सगळ्यात घट्ट बसलेला साचा, आणि तिथले शिक्षकच त्याला कंटाळलेले आहेत. तो आपल्याला नको. घेण्यासारखे आहेत ते टप्पे. लिखाण एका बैठकीत जन्माला येत नाही, त्याला आधीचे खर्डे असतात, हे मुलाला स्वतः करून कळणं मोलाचं आहे.

हीच संधी आपल्याकडेही काही मुलांना मिळते, आणि माझी खरी तक्रार तिथून सुरू होते. मुंबई परिसरातल्या आयबी, म्हणजे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत डिप्लोमाच्या (अकरावी-बारावीच्या) प्रत्येक मुलाला चार हजार शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे लिहावा लागतो. विषय त्याचा, प्रश्न त्याचा, आणि सोबत एक मार्गदर्शक शिक्षक, ज्याने त्या एका मुलाला तीन ते पाच तास द्यावेत अशी अपेक्षा असते. शेवटी समोर बसवून त्याची छोटी मुलाखतही होते. ज्यांचे आईवडील वर्षाला लाखांत फी भरतात त्या मुलांना शाळा विचारते, तुला काय जाणून घ्यायचं आहे? मुंब्र्याच्या, घणसोलीच्या, वागळे इस्टेटच्या मुलाला मात्र आपण गाइडातला निबंध देतो आणि म्हणतो, हा पाठ कर, बाकी तुला झेपणार नाही. पुढे दोघंही कॉलेजात एकाच बाकावर येतात तेव्हा एकाला प्रश्न विचारण्याची सवय असते आणि दुसऱ्याला उत्तर उतरवून घेण्याची. मग आपण म्हणतो, मराठी माध्यमाची मुलं बोलत नाहीत.

मुलं लहान आहेत, एवढा विचार त्यांना कुठून सुचणार, असं म्हणणाऱ्यांना मी मुक्ता साळवेची आठवण देते. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. ती पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकत होती, तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. वेद जर ब्राह्मणांचेच आणि आम्हाला ते बघण्याचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा सरळ प्रश्न तिने त्यात केला. आपल्या वस्तीतल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, हे डोळ्यांनी पाहिलेलं तिने पुरावा म्हणून मांडलं. शाळेतल्या मुलीचा निबंध पावणेदोनशे वर्षांनीही लोक वाचतात, कारण तिला जे माहीत होतं तेच तिने लिहिलं आणि त्याच्या जोरावर मोठ्यांशी वाद घातला. आज आमच्या नववीतल्या मुलीचं वयही तेवढंच असतं.

आता माझ्या वर्गातलं एक काम जवळून दाखवते. चेंदणी कोळीवाड्यात राहणाऱ्या एका मुलीने ‘पोल्युशन ऑफ ठाणे क्रीक’ हा विषय घेतला होता. असल्या विषयावर कुणालाही काहीही लिहिता येतं, आणि म्हणून कुणीच काही लिहीत नाही. मी तिला म्हटलं, खाडी मोठी आहे, तू तिच्यातली कुठली एक गोष्ट रोज ऐकतेस? ती म्हणाली, आजोबा रोज कुरकुरतात की मासळी राहिली नाही, आणि पेपरात मात्र खाडीची स्तुती येते. तिथे तिला प्रश्न सापडला. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, वाढतात असं म्हणतात, मग मासे का कमी होतात?

तिने वहीची पानं कापून कार्डं केली. एका कार्डावर एकच गोष्ट, वरच्या कोपऱ्यात ती कुणी सांगितली आणि कधी. आजोबांची कार्डं तिने त्यांच्याच बोलीत लिहिली होती. एकावर होतं, पूर्वी जिताडा मिळायचा, आता जाल्यान पलास्टिकच येतं. दुसरं कार्ड वर्तमानपत्रातल्या बातमीचं होतं. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, ते सुमारे १७ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिसरं ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन तिथले फलक वाचून केलेलं. मोठ्या भावाबरोबर ती रविवारी तिथे गेली होती.

ही कार्डं बाकावर मांडली तेव्हा ती गोंधळली. सरकार खाडीला मान देतंय, पक्षी लांबून येतायत, आणि आजोबा म्हणतात खाडी मेली. ‘बाई, यातलं चुकीचं कोण?’ असं तिने विचारलं. इंग्रजी शिकवण्याच्या कामात मला एवढा चांगला प्रश्न क्वचितच ऐकायला मिळाला आहे. मी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा वाचलं. सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांमुळे शेवाळ वाढतं आणि ते रोहित पक्ष्यांचं खाद्य आहे, असं अभ्यासकांचं म्हणणं तिला एका लेखात सापडलं. म्हणजे एकाच पाण्यावर एक जीव पोसला जात होता आणि दुसरा हद्दपार होत होता. कुणीच खोटं बोलत नव्हतं. मग मी एवढंच विचारलं, तुझे आजोबा म्हणजे सगळा कोळीवाडा का? ती आणखी दोघा म्हाताऱ्या नाखवांशी बोलून आली. एकाने आजोबांसारखंच सांगितलं, दुसऱ्याने ट्रॉलरवाल्यांना दोष दिला. खर्ड्यातलं ‘फिशरमेन से’ खोडून तिने ‘सम फिशरमेन ऑफ माय कोळीवाडा से’ असं केलं. त्या एका ‘सम’साठी मी तिला गुण दिले.

तिचं शेवटाजवळचं एक वाक्य असं होतं: ‘फ्लेमिंगोज आर हॅपी इन सेम वॉटर व्हेअर माय ग्रँडफादर इज नॉट हॅपी.’ यात ‘सेम’च्या आधी ‘द’ हवा. तो मी पेन्सिलीने लिहिला आणि पुढे वाचत गेले. ‘द’ राहिला म्हणून या वाक्याचं काही बिघडलेलं नाही. महाबळेश्वरच्या निबंधात सगळे ‘द’ जागच्या जागी असतात, पण ते वाक्य कुणाचंच नसतं.

पहिला आक्षेप इथेच येतो. आमच्या मुलांचं इंग्रजी कच्चं आहे, त्यांना आधी दहा ओळी बिनचूक लिहू देत, मग संशोधन. हा क्रम मला उलटा वाटतो. सांगण्यासारखं काही हाती असलं की मूल शब्द शोधायला लागतं. जिताड्याला इंग्रजीत काय म्हणतात, ओहोटीला काय म्हणतात, जाळं विणतात याला कुठलं क्रियापद, हे त्या मुलीने आपणहून येऊन विचारलं. व्याकरणाची पुस्तकं आम्ही पाचवीपासून घासून घेतो आणि दहावीत मूल तोंडीला उभं राहिलं की स्वतःबद्दलची पाठ केलेली चार वाक्यं म्हणून गप्प होतं. टिपणं मराठीत काढू द्या, घरच्या बोलीत काढू द्या, वाद मराठीत होऊ द्या आणि शेवटचा खर्डा इंग्रजीत. तपासताना अर्थ अडवणाऱ्या चुकाच धरा. बाकीच्यांवर पुढच्या तासाला फळ्यावर बोलता येतं, आणि मुलांच्या स्वतःच्या वाक्यांवरून शिकवलेलं व्याकरण त्यांच्या लक्षातही राहतं.

हे सगळं मराठीच्या तासाला करा की, असंही सहकारी म्हणतात. जरूर करा, आधीच व्हायला हवं होतं. पण मूल सगळ्यात जास्त घाबरतं ते इंग्रजीला, आणि घाबरलेलं मूल दुसऱ्याच्या वाक्यामागे लपतं. म्हणून इंग्रजीच्या तासाला हे अधिक निकडीचं आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. साठ-साठच्या चार तुकड्या एका शिक्षकाकडे असणं आमच्याकडे नवलाचं नाही. म्हणजे दोनशे चाळीस मुलं. एकेका रिसर्च पेपरला दहा मिनिटं धरली तरी चाळीस तास झाले, शिवाय निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरणं आहेच. पण आज आपण काय करतो? वर्षाला आठ निबंध लिहून घेतो आणि प्रत्येकावर दोन मिनिटं घालवून लाल टिक मारतो. दोनशे चाळीस गुणिले आठ गुणिले दोन मिनिटं म्हणजे चौसष्ट तास. यातले पाच निबंध रद्द केले की बरोबर चाळीस तास मोकळे होतात. एकमेकांची नक्कल असलेले पाच निबंध न तपासल्याने कुणाचंच नुकसान नाही. शिक्षक ती पानं वाचत नसतोच, तारीख आणि सही करत असतो, आणि हे मुलांनाही पक्कं ठाऊक असतं. शिवाय दहा मिनिटांतली पाच मुलाशी बोलण्यात घालवावीत असं माझं मत आहे. कार्डं हातात घेऊन दोन प्रश्न विचारले की काम कुणी केलंय ते कळतं.

नववी आणि अकरावी मी मुद्दाम म्हणते. ही दोन्ही वर्षं बोर्डाच्या परीक्षेची नाहीत. शाळेला आणि कनिष्ठ महाविद्यालयाला अंतर्गत मूल्यमापनात थोडी हालचाल करता येते. दहावीत दिवाळीनंतर सराव परीक्षा आणि प्रिलिम सुरू झाली की कुणाला काही सुचत नाही, तिथे हा विषय काढण्यात अर्थ नाही. मात्र नववीत स्वतःच्या कामावर पाच मिनिटं बोललेलं मूल दहावीच्या त्या २० गुणांच्या तोंडीला निराळ्या आत्मविश्वासाने उभं राहतं, हे मी बघते आहे.

नुसता प्रकल्प सक्तीचा केल्याने काय होतं याचा अनुभव आपल्याकडे भरपूर आहे, म्हणून तोही सांगायला हवा. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयात प्रकल्प करावा लागतो. हेतू उत्तम आहे. पण जमा करायची तारीख जवळ आली की मागच्या वर्षीच्या ताईची फाइल शोधली जाते. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘घनकचरा’, ‘जलसंधारण’, ‘ध्वनिप्रदूषण’ अशा नावांनी पानं तयारच असतात. नाव आणि रोल नंबर बदलायचा, रंगीत मुखपृष्ठ छापायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं आणि द्यायचं. कृतज्ञतेच्या पानावर मुख्याध्यापकांपासून आईवडिलांपर्यंत सगळ्यांचे आभार असतात आणि आत एकही वाक्य त्या मुलाचं नसतं. या मुलांना मी आळशी म्हणणार नाही. फाइल कुणी वाचणार नाही, वजन बघून गुण पडणार, हे त्यांनी अचूक ओळखलेलं असतं. म्हणून माझा आग्रह आहे की पेपर छोटा असावा, मुखपृष्ठ आणि बाइंडिंग बंद असावं, आणि प्रश्न, कार्डं, पहिला खर्डा, शेवटचा खर्डा असे चार टप्पे वेगवेगळ्या महिन्यांत शिक्षकांच्या नजरेखालून जावेत.

नकलेबाबत आपली व्यवस्था मुलांशी अन्यायाने वागते असंही मला वाटतं. बारा वर्षं आपण त्यांना उतरवायला शिकवतो. सुंदर अक्षरात जसंच्या तसं उतरवलं की ‘व्हेरी गुड’ देतो. मग तेच मूल पीएचडीला जातं तेव्हा यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नकलेबाबतचे २०१८ चे नियम त्याच्यासमोर येतात. प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांच्या आत असेल तर चालतं, त्यापुढे सुधारून द्यावं लागतं, साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव लिहायचं असतं ही साधी गोष्ट त्याला पंचविशीत, तीही शिक्षेच्या रूपात कळते. नववीच्या कार्डाच्या कोपऱ्यात ‘कुणी सांगितलं’ लिहिण्याची सवय लागली तर पुढे हे ओझं वाटणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर उद्या पाणी येणार नाही किंवा अमुक इमारत पडणार असा मेसेज फिरतो, तेव्हा हे कुठून आलं असं विचारणारं घरात एखादं तरी माणूस त्यातून तयार होईल.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुलं झालं, आणि आता चाळीतल्या प्रत्येक घरात एका तरी फोनवर असं काही ना काही आहे. त्यामुळे निबंध लिहून घेण्यात अर्थच उरला नाही असं पुष्कळ शिक्षक म्हणतात. महाबळेश्वरच्या निबंधापुरतं ते खरं आहे. तो निबंध यंत्र तीन सेकंदांत देतं, आमच्या गाइडापेक्षा सफाईने देतं, आणि त्याला रडण्याचं कारण नाही. पण चेंदणीच्या आजोबांना विचारायला यंत्र जात नाही. ते आजोबांची खोटी मुलाखत रचू शकतं, हे मला माहीत आहे. म्हणून तर कार्डं हाताने लिहिलेली हवीत, पहिला खर्डा वर्गात सलग दोन तासिकांत, फोन बाजूला ठेवून लिहिलेला हवा, आणि शेवटी समोरासमोर बोलणं हवं. खर्डा झाल्यावर मुलाने यंत्राला विचारून एखादं वाक्य दुरुस्त करून घेतलं तर मी हरकत घेणार नाही. तेही कार्डावर नोंदव, एवढंच सांगेन. यंत्र आल्यामुळे गुण कशाला द्यायचे हा प्रश्न निकालात निघाला आहे. ते शोधण्याला, ताडून पाहण्याला आणि ठरवण्याला द्यायचे.

विषय कुठून आणायचे, असं विचारणाऱ्या शिक्षकांना मी आपल्याच दोन शहरांकडे बोट दाखवते. ठाणे शहराला पाणी एका जागेहून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून ते येतं, आणि म्हणून दिव्यात शटडाऊन असतो तेव्हा नौपाड्यात नळ चालू असू शकतो. नवी मुंबईने मात्र स्वतःचं मोरबे धरण घेतलं. माझ्या घरी पाणी कुठून येतं आणि ते कुठल्या दिवशी का बंद असतं, हा नववीतल्या मुलाला पूर्ण पेलणारा प्रश्न आहे. त्यासाठी नकाशा बघावा लागतो, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावं लागतं, पालिकेची सूचना वाचावी लागते.

नवी मुंबईतल्या मुलांकडे तर त्याहून मोठा ठेवा आहे. १९७० मध्ये सिडको आली आणि पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. कोपरखैरण्याच्या, करावेच्या, दिवाळ्याच्या घराघरात ते दिवस आठवणारी माणसं आहेत. दहा-पंधरा वर्षांनी ती नसतील. नातवाने आजीला विचारावं, आपलं शेत कुठे होतं? मग घरातला जुना सातबारा काढावा, तिची आठवण आणि तो कागद शेजारी ठेवावेत आणि जिथे ते जुळत नाहीत तिथे थांबून लिहावं. आठवण आणि दस्तऐवज यांच्यातला फरक मी फळ्यावर कितीही समजावला तरी तो मुलाला असा भिडणार नाही. आणि हे इंग्रजीत लिहिलेलं असेल तर ही माणसं कोण होती हे सीवूड्सच्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या, मराठी न येणाऱ्या वर्गमित्रालाही वाचता येईल.

शेवटचा मुद्दा वाचकांचा. एकट्या शिक्षकासाठी लिहिलेला निबंध गुण मिळाले की संपतो. कळव्याच्या शाळेतले पेपर नेरूळच्या मुलांनी वाचावेत, नेरूळचे कळव्याच्यांनी, आणि प्रत्येकाने मार्जिनमध्ये एक शंका लिहून परत पाठवावा, एवढी देवाणघेवाण दोन मुख्याध्यापकांनी मनावर घेतली तर एका सत्रात होऊ शकते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. तिथे आणि नवी मुंबईतल्या वाचनालयांत दरवर्षीच्या निवडक पेपरांसाठी एक कप्पा मिळावा, अशी माझी त्यांच्या विश्वस्तांना विनंती आहे. पुढच्या वर्षी पाण्यावर लिहायला बसणाऱ्या मुलाने आधीच्या मुलीचा पेपर काढून वाचावा, तिचं कुठे चुकलं ते सांगावं आणि कार्डाच्या कोपऱ्यात तिचं नाव लिहावं. जूनमध्ये वार्षिक नियोजन ठरतं, त्याच्या आत शिक्षकांनी पाच निबंध कमी करण्याचं पत्र मुख्याध्यापकांना द्यावं. पालकांनी जुलैतल्या पालक-शिक्षक संघाच्या सभेत फेअर कॉपीच्या आधी कार्डं दाखवायला सांगावीत.